पेठ मुलखांतील बोहाडा व असुरपात्रें

पौराणिक पात्रांचा विचार आपल्याकडे बहुधा पोथीवरून होतो. रावण कसा, हें वाल्मीकीस विचारावयाचें. तेथें भागलें नाहीं तर एकनाथांचें भावार्थरामायण किंवा श्रीधराचा रामविजय उघडावयाचा. आणि दोन प्रतींतील पाठभेद टिपले म्हणजे शोध पुरा झाला असें समजावयाचें. ही रीत चुकीची आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु नाशिकाहून धरमपूरच्या वाटेस लागून घाट उतरला म्हणजे जो पेठ तालुका लागतो, त्यांत व त्याच्या आसपासच्या सुरगाणा, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार या डोंगराळ मुलखांत याच पात्रांचें एक निराळें वाचन पोथीवांचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. त्यास बोहाडा म्हणतात. कोठें भोवाडा, तर डांगच्या बाजूस भवाडा असा उच्चार ऐकूं येतो. रामायण, भारत व देवीमाहात्म्य यांतील कोणतें पात्र या लोकांनीं घेतलें, त्यास कोणता मान दिला व कोणत्या अर्थानें त्यास नाचविलें, याची छाननी पाठभेदांच्या छाननीइतक्याच काटेकोरपणें झाली पाहिजे, असें आमचें मत आहे.

पेठचें नांव इतिहासाच्या कागदांत येतें तें बहुतकरून संस्थानाच्या निमित्तानें. हें लहानसें संस्थान इ. स. १८७८ त इंग्रजी राज्यांत सामील झालें व पुढें नाशिक जिल्ह्याचा एक तालुका होऊन राहिलें. त्यापूर्वीं १८५७ च्या अखेरीस या संस्थानांतील हरसूलचा बाजार लुटला गेला, आणि त्या प्रकरणीं पेठच्या गादीवर हक्क सांगणारे भगवंतराव यांस फांशीं देण्यांत आलें. कोंकणा, महादेव कोळी, वारली या येथील जमाती सरकारी लिखाणांत प्रथम ठळकपणें येतात त्या अशा प्रसंगीं, आणि त्याहि दुसऱ्याच्या लेखणीनें. त्यांनीं स्वतः लिहून ठेवलेलें दप्तर नाहीं. तेव्हां त्यांच्या मनांत देव कोणता, दैत्य कोणता, आणि दैत्याशीं माणसानें कसें वागावें, हें जाणावयाचें तर बोहाड्यावांचून दुसरें जवळचें साधन नाहीं.

बोहाडा होळीनंतर व पावसाळ्यापूर्वीं, शेतीचीं कामें थंडावलेलीं असतां, रात्रीं होतो. एक एक सोंग टेंभ्यांच्या उजेडांत, संबळ व पिपाणी यांच्या तालावर, दोहों बाजूंस बसलेल्या लोकांमधून नाचत पुढें येतें व परत जातें. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असून रंगविलेले असतात. रावणाचा दहा तोंडांचा मुखवटा तर इतका अवजड कीं, तो पेलून नाचणें हीच एक परीक्षा असते. मुखवटा चढविण्यापूर्वीं त्याची पूजा होते. कोणतें सोंग कोणत्या घराण्याचें हें गांवांत ठरलेलें असतें, आणि तो मान बापाकडून मुलाकडे येतो. सोंगाच्या तोंडीं भाषण जवळजवळ नसतेंच. पात्राचा स्वभाव जो कांहीं प्रकट व्हावयाचा तो चालींतून, खांद्याच्या झोंकांतून व संबळाच्या ठेक्यांतून.

आतां सोंगांचा क्रम पाहावा. आरंभीं गणपति, त्यामागून मोरावर बसलेली शारदा, मग राम-लक्ष्मण, मारुति, त्राटिका, कुंभकर्ण, रावण, नरसिंह, भीम, वेताळ, खंडेराव इत्यादि, आणि शेवटच्या रात्रीं देवी व महिषासुर यांचें युद्ध. गांवोगांव मधल्या सोंगांत फरक पडतो. पहिलीं दोन व शेवटचें युद्ध यांत सहसा पडत नाहीं. गणपतीमागून मोरावरची सरस्वती हा क्रम वाचतांच मराठी रंगभूमीच्या अभ्यासकास विष्णुदास भावे यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. भाव्यांचें ‘सीतास्वयंवर’ सांगलीस इ. स. १८४३ त झालें. त्यांच्या नाटकांतहि सूत्रधाराचें मंगलाचरण व विदूषकाचा प्रवेश झाल्यावर गणपति येई, नंतर मोरावर नाचत सरस्वती येई, आणि मगच कथेस प्रारंभ होई. कोंकणांतील दशावतारी खेळांची सुरुवातहि याच धर्तीची असते. भाव्यांना प्रत्यक्ष प्रेरणा मिळाली ती कर्नाटकांतून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींच्या खेळापासून, हें सर्वश्रुत आहे.

यावरून बोहाडा हा भाव्यांच्या नाटकाची खेड्यांत उतरलेली नक्कल होय, असें कोणी अनुमान काढील. आम्हांस तें पटत नाहीं. भाव्यांच्या रंगभूमीवर मुखवट्यांस प्राधान्य नव्हतें, आणि पात्रें प्रसंगानुरूप भाषण करीत. बोहाड्यांत मुखवटा हेंच सर्वस्व, व भाषण नाहीं. नक्कल करणारा सोपें तें उचलतो व अवघड तें टाकतो. येथें उलट आहे. शिवाय दशावतारी खेळांचा उल्लेख रामदासांच्या दासबोधांत आलेला आहे, म्हणजे सोंगें आणण्याची चाल सतराव्या शतकांत महाराष्ट्रांत रूढ होती. तेव्हां दशावतार, कीर्तनोत्सवाच्या शेवटीं होणारें लळित, भाव्यांचीं नाटकें व बोहाडा यांच्या मुळाशीं एकच जुनी प्रथा असून तिच्या या निरनिराळ्या शाखा आहेत, असें मानणें अधिक सयुक्तिक दिसतें.

परंतु क्रमापेक्षां महत्त्वाचा प्रश्न पात्रांचा आहे. बोहाड्यांतील सोंगांची यादी डोळ्यांखालून घातली तर तींत दैत्य, राक्षस व उग्र देवता यांची संख्या नजरेंत भरते. सीतेचा शोक, भरताची भक्ति, कैकेयीचा हट्ट, धर्मराजाचा संयम, या ज्या गोष्टींनीं कथेकरी श्रोत्यांच्या डोळ्यांस पाणी आणतो, त्यांना येथें फारसा अवकाश नाहीं. याचें कारण एका बाजूनें उघड आहे: मुखवट्यास एकच मुद्रा असते, आणि जें पात्र एका मुद्रेंत मावत नाहीं तें मुखवट्यास पेलत नाहीं. पण एवढ्यानें सगळा उलगडा होत नाहीं.

त्राटिकेचेंच उदाहरण घ्यावें. वाल्मीकीची ताटका ही जन्मतः राक्षसी नव्हे. ती सुकेतु यक्षाची कन्या, सुंदाची पत्नी व मारीचाची आई; पति मारला गेल्यावर ती अगस्त्यावर धांवून गेली व त्याच्या शापानें विरूप झाली. ही हकीकत विश्वामित्र रामास सांगतो, कारण स्त्रीवर शस्त्र उचलण्यास राम कचरतो. म्हणजे मूळ कवीनें तिला एक पूर्वायुष्य दिलें आहे व तिच्या वधास नैतिक अडचण जोडली आहे. मराठी बोलींत ताटकेची त्राटिका झाली आणि तें पूर्वायुष्य गळून पडलें. उरली ती केवळ आक्रस्ताळी बाई. इतकी कीं, शेक्सपिअरच्या एका सुखांतिकेचें रूपांतर करतांना वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनीं नाटकास ‘त्राटिका’ हेंच नांव दिलें, आणि कजाग बायकोस तें नांव घरोघर चिकटलें. बोहाड्यांतील त्राटिका यांपैकीं कोणतीच नव्हे. ती बोलत नाहीं म्हणून कजाग ठरत नाहीं. शापाची कथा सांगत नाहीं म्हणून दया मागत नाहीं. ती रानाची मालकीण असल्यासारखी येते व जाते. रान तोडून, राब भाजून नागली पिकविणाऱ्या लोकांस ही रानची बाई परकी वाटण्याचें कारण काय? विश्वामित्राच्या यज्ञभूमीकडून पाहिलें तर ती विघ्न आहे. रानाच्या बाजूनें पाहिलें तर यज्ञ करणारेच पाहुणे आहेत. पेठचा माणूस या दोन बाजूंत कोठें उभा आहे, याचें उत्तर तो शब्दांनीं देत नाहीं, पण तिच्या मुखवट्यापुढें नारळ ठेवतो.

महिषासुराची गोष्ट याहून स्पष्ट आहे. देवीमाहात्म्यांत तो रेडा, सिंह, पुरुष, हत्ती अशीं रूपें पालटतो व शेवटीं मारला जातो. स्वभाव म्हणून त्यास फारसा नाहींच. पण या मुलखापासून कांहीं कोसांवर सप्तशृंगगड आहे. तेथील अठरा हातांची देवी महिषासुरमर्दिनी. आणि गडाच्या पायऱ्या जेथें सुरू होतात तेथें त्या असुराचें दगडी शिर असून त्याचीहि पूजा होते. देशावर म्हसोबा हा तर शेताच्या बांधावरचा राखणदारच आहे. जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’त (१८७३) म्हसोबा म्हणजे बळीराजाचा महासुभा असा अर्थ लावला, दामोदर कोसंबी यांनीं ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) या ग्रंथांत म्हसोबा व महिषासुर यांचा संबंध पशुपालक व अन्न गोळा करणाऱ्या टोळ्यांच्या मीलनाशीं जोडला. फुल्यांची व्युत्पत्ति भाषाशास्त्राच्या कसास उतरणारी नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. पण मारला गेलेला तो आपलाच कोणी होता, ही त्यांना लागलेली चाहूल साधार होती असें आम्हांस वाटतें. बोहाड्याच्या शेवटच्या रात्रीं देवीकडून पडणारा महिषासुर हा असाच मानाचा मृत आहे. त्याचें सोंग वागविणारें घराणें त्यामुळें खालीं मान घालीत नाहीं.

कोंकणच्या दशावतारांतील संकासुर याच कुळांतला. वेद चोरणारा हा दैत्य पोथींत निंद्य. खेळांत मात्र काळा पोशाख केलेला संकासुर आला कीं पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सारे खूष. भाव्यांच्या नाटकांत राक्षसपार्टी राळेच्या भडक्यांत आरोळ्या देत येई. पुढें सुशिक्षितांनीं त्या नाटकांस ‘अललडुर्र’ म्हणून हिणवलें, आणि मराठी रंगभूमीवरून राक्षस हळूहळू उठला. त्याची जागा घेतली ती बोलक्या खलपुरुषानें. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा कीचक (१९०७) हा त्याचा नमुना. कीचक असुर नव्हे, सूत; पण प्रेक्षकांनीं त्याच्या उद्दाम वाणींत कर्झनसाहेब ओळखला, आणि १९१० त सरकारनें नाटक बंद केलें. येथें पात्राचा अर्थ भाषणांत आहे, व भाषण छापलेलें असल्यामुळें त्यावर बंदी घालतां आली. संबळाच्या ठेक्यावर कोणतें सरकार बंदी घालणार?

पण ठेका दुसऱ्या रीतीनें नाहींसा होतो. जुने लांकडी मुखवटे आतां हौशी संग्राहक व व्यापारी यांच्या हातीं जातात व दिवाणखान्यांत टांगले जातात. ज्या मुखवट्याचें गांव, घराणें, क्रमांतील जागा व ताल यांची नोंद नाहीं, तो मुखवटा म्हणजे पोथींतून फाडलेलें, पृष्ठांक नसलेलें पान. त्यावरचीं अक्षरें सुंदर असतील, पण तें कोणत्या अध्यायांतलें हें कोण सांगणार? पोथी विकत घेतांना आपण शेवटचें पान, लेखकाचें नांव व शक पाहून घेतों. मुखवट्याच्या बाबतींत हीच सावधगिरी कोणी पाळीत नाहीं, याचें आश्चर्य वाटतें.

सोंगें येतांना कांहीं गांवीं स्तवनें म्हटलीं जातात. अशीं पदें किंवा सोंगांच्या याद्या उतरलेलीं बाडें पेठ, सुरगाणा व जव्हार या बाजूंस ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं तीं मंडळास दाखवावीं, निदान त्यांची नक्कल करूं द्यावी. यादींत शारदेनंतर प्रथम कोणतें सोंग आहे, आणि त्राटिका रामाच्या आधीं येते कीं मागून, एवढें कळलें तरी वरील अनुमान तपासून पाहतां येईल.