वाळूवरचा लाकडी रस्ता

रस्त्याचा इतिहास म्हणजे बहुधा दगडमातीचा इतिहास असतो. आज ज्या रस्त्याविषयीं मी बोलणार आहें, त्याला दगड नव्हता, खडी नव्हती. होत्या नुसत्या लांकडी फळ्या, आणि त्यांच्याखालीं होती एके जागीं कधीं न राहणारी वाळू.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानाच्या आग्नेय कोपऱ्यांत, मेक्सिकोच्या सरहद्दीलगत, अल्गोडोनेस नांवाच्या वाळूच्या टेकड्या आहेत. हा पट्टा सुमारें ४५ मैल लांब व ६ मैल रुंद असून कांहीं टेकड्यांची उंची ३०० फुटांपर्यंत जाते. सॅन डिएगोहून यूमा शहराकडे जाणारा मोटारप्रवासी आज आठ क्रमांकाच्या राजरस्त्यानें हा पट्टा कांहीं मिनिटांत ओलांडतो. परंतु वाटेंत ग्रेज वेल या ठिकाणीं जो थोडा थांबेल, त्याला वाळूंत मांडलेल्या जुन्या फळ्यांची एक ओळ दिसेल. तिची हकीगत ऐकण्यासारखी आहे.

या वाळूशीं सरळ सामना करावयाचा नाहीं, हा येथील जुना शहाणपणा होता. १७७४ सालीं स्पॅनिश सेनानी आन्झा कॅलिफोर्नियाची वाट शोधीत येथवर आला, तेव्हां वाळूनें त्याला माघार घ्यावयास लावली आणि त्यानें दक्षिणेकडून वळसा घेतला. पुढें आगगाडी आली, तिनेंही टेकड्यांच्या कडेकडेनें जाणेंच पसंत केलें.

मोटार आल्यावर मात्र प्रश्न निराळा झाला. सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिस या दोन शहरांत पूर्वेकडील व्यापारासाठीं चुरस लागली होती. ज्याच्या बाजूनें रस्ता, त्याची भरभराट, हें दोघांनाही कळत होतें. १९१२ सालीं फीनिक्स शहरापर्यंत मोटारींची शर्यत लागली. सॅन डिएगोचे उद्योगपति एड फ्लेचर यांनीं ती जिंकली. पण गंमत अशी कीं, वाळूंतून त्यांची मोटार ओढावयास सहा घोडे जुंपावे लागले! या विजयानें मार्ग जवळचा आहे हें सिद्ध झालें, आणि मार्ग नाहीं हेंही सिद्ध झालें.

मग इंपीरियल जिल्ह्याचे एक कारभारी एड बॉइड यांच्या आग्रहानें वाळूवर फळ्या अंथरण्याचें ठरलें. फ्लेचर यांनीं पैसा उभा केला. १४ फेब्रुवारी १९१५ रोजीं पहिल्या फळ्या पडल्या आणि ४ एप्रिलला काम संपलें. सुमारें १३,००० फळ्या लागल्या. साडेसहा मैलांचा हा रस्ता म्हणजे प्रत्येकीं २५ इंच रुंदीचे दोन समांतर पट्टे. एकेक चाक एकेका पट्ट्यावरून न्यावयाचें. चाक घसरलें कीं वाळूंत रुतलेंच.

वर्षभरांत हे पट्टे खिळखिळे झाले. १९१६ मध्यें सरकारी रस्तेखात्यानें ८ फूट रुंद व १२ फूट लांब असे फळ्यांचे तयार सांगाडे आणून नवा रस्ता मांडला. तो एकेरीच होता. समोरून मोटार आली कीं एकानें मागें हटून जागोजागीं केलेल्या रुंद भागांत उभें राहावयाचें. मागें कोणी हटावें, यावरून तंटे व्हावयाचेच. वारा सुटला म्हणजे सारा रस्ता वाळूखालीं गडप होई, आणि खेचरें जुंपून ती वाळू पुनः पुनः ओढून काढावी लागे. मोटारींच्या युगाची वाट अशी खेचरांनीं मोकळी ठेवली होती.

१९२६ सालीं वाळूच्या भरावावरून डांबरी रस्ता झाला आणि फळ्यांचें काम संपलें. नंतर तेथें मुक्काम करणाऱ्यांनीं पुष्कळ फळ्या शेकोट्यांत जाळल्या. आज दिसणारा सुमारें १,५०० फुटांचा तुकडा १९७१ मध्यें इकडचे तिकडचे अवशेष गोळा करून जोडलेला आहे.

अकरा वर्षांत निकालांत निघालेल्या या रस्त्याला फसलेला प्रयोग म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. वाळूला जिंकण्याचा कायमचा उपाय १९१५ सालीं कोणाजवळ नव्हता. तो सांपडेपर्यंत हातावर हात ठेवून बसले असते, तर वाहतूक दुसरीकडे वळली असती, आणि एकदां दुसरीकडे रुळलेली वाहतूक सहसा परत येत नाहीं. फळ्यांनीं वाळूला जिंकलें नाहीं. त्यांनीं तो मार्ग चालू ठेवला. लोक जातात, हाल सोसूनही जातात, हें वर्षानुवर्षें दिसल्यावर तेथें पक्का रस्ता हवा हें कोणास पटवावें लागलें नाहीं.

आपण तात्पुरत्या कामाला कमी लेखतों. पण पुष्कळ कायमच्या कामांच्या तळाशीं अशाच कुचकामी ठरलेल्या फळ्या असतात. ग्रेज वेलला निदान त्या कोणीतरी वेंचून, जोडून ठेवल्या आहेत. त्या मार्गानें कधीं जाणें झालें, तर घटकाभर मोटार थांबवून त्या जरूर पाहाव्या.