धूर आणि पिंप

मराठीत मद्यावर लिहायचे म्हटले की लेख एकतर विनोदाच्या सदरात जातो, नाहीतर व्यसनमुक्तीच्या. आम्हाला येथे यांपैकी काहीच साधायचे नाही. प्रश्न परंपरेचा आहे, आणि तो आम्हाला एका पेल्यात सापडला. पीटच्या धुरावर वाळवलेल्या सातूपासून केलेली आणि अखेरचा काळ शेरीच्या पिंपात मुरवलेली सिंगल मॉल्ट व्हिस्की, असा तो पेला. तिच्यात दोन चवी एकमेकींशी भांडतात. एक धुराची, दुसरी वाळल्या द्राक्षांची. जाणकार दोहोंना परंपरा मानतात. आमच्या मते त्यांतली एकही मुळात चव म्हणून कोणी निवडलेली नव्हती.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचे बेट आहे. (मराठी कानाला हा उच्चार कसा लागेल याची आम्हाला कल्पना आहे, त्याला इलाज नाही.) वारा सोसाट्याचा, जमीन पाणथळ, झाडे विरळ. भिजवून मोड आणलेला सातू वाळवल्याशिवाय पुढची क्रिया होत नाही, आणि वाळवायला जाळ लागतो. लाकूड नाही, कोळसा दूरचा. उरला तो पीट. दलदलीत शेवाळे आणि गवत अर्धवट कुजून साचलेला हा थर वर्षाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे पुरुषभर खोल खणणारा मजूर दीड-पावणेदोन हजार वर्षे खाली उतरतो. फावड्याने कापलेले तुकडे उन्हावाऱ्यात सुकवायचे आणि भट्टीत घालायचे. त्यांचा दाट धूर ओलसर दाण्यात मुरतो. या धुरातील फिनॉल नावाच्या संयुगांमुळेच पहिल्या घोटाला आपल्याला शाळेतल्या प्रथमोपचाराच्या पेटीची आठवण होते.

हा धूर एके काळी केवळ बेटांपुरता नव्हता. मुख्य भूमीवरील स्पे नदीच्या खोऱ्यातही पीट जळत असे. १८६३ साली तेथे रेल्वे पोचली, तिच्याबरोबर कोळसा आला, आणि त्या खोऱ्यातल्या व्हिस्कीतून धूर हळूहळू ओसरला. आयलाला रेल्वे कधीच आली नाही. ज्याला आपण बेटाचे व्यक्तिमत्त्व म्हणतो ते पुष्कळ अंशी वाहतुकीच्या गैरसोयीने टिकवलेले आहे.

आता पिंपाकडे वळू. स्पेनच्या दक्षिणेतील हेरेस गावची शेरी इंग्रजांच्या फार जुन्या आवडीची. १५८७ साली फ्रान्सिस ड्रेकने काडिझ बंदरावर धाड घातली तेव्हा लुटीत या मद्याची सुमारे २९०० पिंपे होती असे सांगतात. शेक्सपियरचा फॉलस्टाफ तर तिचे गुणगान गाताना थकत नाही. पुढे शतकानुशतके ती ओकच्या मोठ्या पिंपांतून ब्रिटनच्या बंदरांत उतरत राहिली. मद्य बाटल्यांत भरले की पिंप रिकामे उरे, आणि ते परत पाठवण्याचे भाडे परवडत नसे. काटकसरी स्कॉट व्यापाऱ्याला स्वस्तात मजबूत भांडे मिळाले. आपल्याकडे तेलाचा रिकामा डबा धान्याला वापरतात, तसाच हा व्यवहार.

मुरवणे ही गोष्टसुद्धा आपल्याला वाटते तितकी सनातन नाही. व्हिस्की काही वर्षे पिंपात ठेवलीच पाहिजे असा कायदा ब्रिटनमध्ये १९१५ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, मद्यपानाला आळा घालण्याच्या खटपटीतून आला. प्रथम २ वर्षे, पुढच्याच वर्षी ३. आज व्हिस्कीची शान मानल्या जाणाऱ्या वयाला कायद्याचे बळ दिले ते मद्याच्या विरोधकांनी!

मग दोन्ही टंचाया संपल्या. इंधन मुबलक झाले, आणि १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागल्याने रिकाम्या पिंपांचा ओघ आटला. येथे खरे म्हणजे दोन्ही चवी इतिहासजमा व्हायला हव्या होत्या. झाले उलटेच. आज धूर मोजून दिला जातो. आयलावरील पोर्ट एलनच्या कारखान्यात १९७३ पासून मागणीप्रमाणे सातू धुरवून मिळू लागला. लागाव्हूलिनसाठी फिनॉलचे प्रमाण दशलक्षात साधारण ३५ भाग. हेरेसमध्ये कोरी पिंपे शेरीने भरून वर्ष-दीड वर्ष ठेवतात, ती केवळ व्हिस्कीवाल्यांना विकण्यासाठी. त्यांत वापरलेली शेरी बहुधा कोणी पीत नाही; तिचा शिरका करतात किंवा ती पुन्हा ऊर्ध्वपातनाला जाते. एके काळी मद्यासाठी पिंप होते, आता पिंपासाठी मद्य.

अखेरचे काही महिने दुसऱ्या पिंपात घालवण्याची रीत तर आणखी अलीकडची. बाल्व्हेनीच्या डेव्हिड स्ट्युअर्ट यांनी १९८० च्या दशकात ती रूढ केली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लागाव्हूलिनचीही एक आवृत्ती निघाली, पेद्रो हिमेनेझ या गोड शेरीच्या पिंपात शेवट केलेली. ही द्राक्षे तोडल्यावर उन्हात पसरतात, तासगावकडच्या वाचकाला मनुकांचे वेगळे वर्णन नको. शुद्धतावादी या रीतीला रंगरंगोटी म्हणतात. पिंपाचे नाव पुढे करून सुमार व्हिस्की विकली जाते हा त्यांचा आक्षेप आम्हाला पुष्कळसा मान्य आहे. परंतु ज्या 'शुद्ध' चवीचा ते कैवार घेतात तीही उसनवारीचीच. शिवाय धुराची धार वयाबरोबर बोथट होत जाते. अशा वेळी आलेली मनुकांची गोडी ती झाकत नाही, उलट तिला टेकायला भिंत देते. लागाव्हूलिनच्या त्या आवृत्तीत हे साधले आहे, असे आमचे मत.

आपल्या शेजारी गोव्यात, कुंकळ्ळीला, पॉल जॉनच्या भट्ट्या आहेत. त्यांच्या सिंगल मॉल्ट २०१२ पासून बाजारात आल्या. धुराच्याही आहेत, शेरीच्या पिंपातल्याही. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के मद्य उडून जाते, गोव्याच्या उकाड्यात ८ टक्क्यांच्या आसपास. सातू भारतातला, पिंप परदेशी, आणि धुरासाठी पीट स्कॉटलंडहून जहाजाने येतो. त्याच तालुक्यात चैत्र-वैशाखात काजूच्या फेणीच्या भट्ट्या पेटतात, त्या मात्र अजून हाताशी मिळेल त्या लाकडावर.