भरती सव्वाअकराची

आधी मोबाइल घरी ठेवा. १९३७च्या पौषात त्याला रेंज नाही, आणि डब्यात त्याच्यात डोकं खुपसून बसलात तर लोक तुमच्याकडेच बघत बसतील. धोतर आवळा, वर लोकरी कोट चढवा, गळ्यात ती उसनी पितळी दुर्बीण अडकवा. जड आहे? दुपारपर्यंत मान बोलायला लागेल.

बोरीबंदरला हार्बरची लोकल पकडा. गाडी विजेवर चालते, तरी रे रोड आलं की कोळशाचा वास नाकात शिरतोच, कारण कोळसा बंदर शेजारीच आहे. कॉटन ग्रीनला कापसाच्या गाठी वाहून आलेले हमाल आत घुसतात. त्यांच्या मिशांवर तंतू, अंगाला घाम आणि तंबाखूचा दर्प. कोपर खात खात खिडकी गाठा. शिवडीला रॉकेलचा भपकारा येतो आणि मग वडाळ्याला एकदम मोकळा, खारट, गार वारा. उतरा.

पूर्वेकडे मिठागरं पसरली आहेत. पलीकडे तिवरांची गर्द झाडी, त्यामागे खाडी आणि तुर्भ्याचा डोंगर. काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय ना? रिफायनरीच्या चिमण्या नाहीत. आणि हो, फ्लेमिंगो शोधू नका. शिवडीला त्यांची झुंबड उडायला अजून अर्धशतकाहून जास्त अवकाश आहे.

बांधावरून चालताना जपून. वरची माती वाळलेली दिसते, पण पाय पडला की पोटरीपर्यंत आत. चपला हातात घ्या. थंडगार चिखल बोटांच्या फटींतून वर येतो, काटा रुतलेल्या जागी मिठाचं पाणी झोंबतं. निवट्या टुणटुण उड्या मारत बाजूला होतात. कुजक्या पाल्याचा तो वास? अर्ध्या तासानं तो कळेनासा होईल.

इतक्या लवकर पक्षी कमीच दिसतात. ओहोटीला सगळे खाडीच्या उघड्या चिखलावर पांगलेले असतात. भरती कधी, हे इथे घड्याळ नाही, तिथी सांगते. तिथीची पाऊणपट करा. आज पौर्णिमा, म्हणजे पंधरा. त्याची पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा खाडी तुडुंब होईल आणि चिखल बुडाला की थवेच्या थवे इकडे बांधावर येतील. तोवर बसा. उन्हाची तिरीप पाठीवर घ्या.

दहाच्या सुमारास आकाश किलबिलतं. आधी आवाज येतो, मग थवा: वळला की पांढरा, पुन्हा वळला की मातकट. तुमच्यापासून दहा हातांवर छोटे टिलवे उतरतात. मूठभर जीव, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवणारे. सैबेरियाच्या पार उत्तरेहून आलेत, पण दमल्याची खूण नाही. शेजारचा चिखल्या बघा: धावतो, थबकतो, टोच मारतो, पुन्हा धावतो. तो डोळ्यांनी भक्ष्य हेरतो. पाणटिवळ्याला बघायची गरज नाही. तो लांब चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो आणि चोचीच्या टोकाला लागेल ते ओढून काढतो.

नाव अडलं? झोळीत ‘ईएचए’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या साहेबांचं १९००चं मुंबईच्या पक्ष्यांवरचं पुस्तक आहे. जन्म साताऱ्याचा, नोकरी जकात आणि मीठ खात्यातली. म्हणजे मिठागर हा त्यांचा ओळखीचा मुलूख. सलीम अली आणि हुमायून अब्दुलअलींची मुंबई-साष्टीच्या पक्ष्यांवरची लेखमाला मात्र आत्ता कुठे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये येऊ लागली आहे.

धाड! दचकू नका. सोला हॅटवाले साहेब पाणलाव्यांवर बार काढताहेत. सगळी दलदल उठते, कानठळ्या बसतात, दारूचा धूर वाऱ्याबरोबर तुमच्या तोंडावर. या काळात हे अगदी सभ्य मानलं जातं. पक्ष्यांचे अभ्यासकसुद्धा पक्षी हातात आल्याशिवाय ओळख पक्की धरत नाहीत.

आता उघाडीकडे चला. गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेला आगरी मिठागरवाला दाराच्या फळीला हात घालून उभा आहे. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, तेच पुढे वाफ्यांत तापून मीठ होणार.

‘‘थांबा दादा, आता बगा कसे येतात,’’ तो म्हणतो.

फळी करकरत वर जाते. फेसाळ पाणी धबाधबा आत येतं, त्याबरोबर बोटभर मासे, कोळंबी. आणि कुठून कुठून बगळे उतरतात! मानेत मान, चोचीत चोच, ‘क्रॉक-क्रॉक’ भांडण. राखी बगळा मधोमध उभा राहून दोघांना हुसकावतो. एक छोटा बगळा स्वतःएवढी वळवळती मासळी गिळायला बघतो. ती चोचीतून निसटते, दुसरा पळवतो. मिठागरवाला खदखदून हसतो, मग तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी तुमच्यापुढे धरतो. तिखटानं डोळ्यांत पाणी येतं. नाही म्हणू नका.

परतीच्या गाडीत लोक तुमच्या चिखलाळ पायांपासून सरकून बसतात. समोरचे काका दुर्बिणीकडे बघत विचारतात, ‘‘काय मिळालं?’’

‘‘काही नाही. नुसते बघितले.’’

‘‘दिवसभर?’’

‘‘हो, दिवसभर.’’

काका दोन क्षण विचार करतात आणि उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसतात. बरंच झालं, आता पाय पसरा.