गाठीवरचा शिक्का

शिवडीच्या कॉटन ग्रीनमध्ये माझी हयात कापूस तपासण्यात गेली. गाठीच्या पोटातून मूठभर रुई ओढायची, चिमटीत धरून तंतू ताणून बघायचा, कचरा किती, ओल किती, पिवळी झाक आहे का ते नजरेनं टिपायचं. हाताखाली येणाऱ्या नव्या पोरांना वाटायचं, फसवतो तो परदेशी माणूस आणि पारख करतो तो आपण. मग मी त्यांना अमेरिकेतल्या यादवीचा काळ सांगायचो. त्या वेळी परदेशी पुरवठादार आपणच होतो, आणि नाव पार बद्दू झालेलं होतं.

१८६१ साली अमेरिकेत युद्ध पेटलं, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मुंबईत भाव आभाळाला टेकले. इथून जाणाऱ्या मालाला लिव्हरपूलचे दलाल सरसकट ‘सुरत’ म्हणत. धागा आखूड, मागावर सारखा तुटणारा. शिवाय गाठीत सरकी, माती आणि वजनासाठी मारलेलं पाणी. देवा, कापूस धाड, पण सुरतेचा नको, अशी प्रार्थना तिकडचे कामगार करत असं सांगतात. खरं खोटं देव जाणे, पण असली गोष्ट निघते म्हणजे आपली पत कुठे होती ते कळतं.

शेतकऱ्याला दोष देणं सोपं होतं, आणि गोऱ्या साहेबांनी तो भरपूर दिला. पण बोंड फुटायच्या आधीच बऱ्याच जणांचं पीक सावकाराकडे लागलेलं असे. निवडून वेचलेल्या कापसाला आणि पाल्यासकट ओरबाडलेल्याला भाव एकच, तर निवडायचं कुणासाठी? पुढे किरकोळ व्यापारी, आडत्या, गाडीवान. मुंबईत माल पोचला की तो पुन्हा उकलून जहाजासाठी घट्ट दाबायचा. इतक्या हातांतून गेलेल्या गाठीबद्दल लिव्हरपूलच्या माणसाने विचारायचं कुणाला? त्याच्यापुढे येई तो नमुना, आणि नमुना विकणाऱ्यानेच काढलेला.

कायदा नव्हता असं नाही. १८२९ पासून भेसळीला शिक्षा होती. १८६३ मध्ये मुंबई सरकारनं आणखी कडक कायदा केला, निरीक्षक नेमले, त्यांच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांकडून शुल्क घेतलं. पण खानदेशात झालेली मिसळ कुलाब्यातल्या निरीक्षकाला सापडली, तरी पकडायचं कुणाला? ज्याच्या गोदामात माल, तो हात वर करून मोकळा. व्यापाऱ्यांनी कटकट लावली आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं हे प्रकरण गुंडाळलं. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

फरक पडला तो रेल्वेनं. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा गेला. व्होल्कार्ट ब्रदर्ससारख्या युरोपीय पेढ्यांची माणसं थेट वऱ्हाडच्या बाजारात गाड्यांपाशी उभी राहू लागली. कोणता व्यापारी रात्री पाणी मारतो, कुणाच्या जिनात सरकी नीट निघत नाही, हे त्यांना चार हंगामांत पाठ झालं. बाजाराजवळच प्रेस आले. तिथे दाबलेली गाठ मुंबईत उकलायची गरज उरली नाही. आता लिव्हरपूलला विचारता येऊ लागलं: प्रेस कुणाचा?

त्याच सुमारास समुद्राखालून तार आली. नमुना पोचायच्या आत सौदा तारेवर ठरू लागला, म्हणून मालाला ठरीव नावं लागली. ‘उमरा’ म्हणजे अमरावतीकडचा, ‘हिंगणघाट’, ‘धारवाड’, ‘भडोच’. त्यापुढे प्रत: फेअर, गुड फेअर, फुली गुड. उतरलेला माल त्या प्रतीचा निघाला नाही तर पंच बसायचे आणि किती पैसे कापायचे ते ठरवायचे. गुड फेअर आणि फुली गुड यांच्या भावात फरक पडू लागला, तसा स्वच्छ वेचण्याला अर्थ आला. त्यातला शेतकऱ्याच्या हाती किती पोचला, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर मला तरी समाधानाचं वाटत नाही.

मोठ्या पेढ्या स्वतःच्या सोयीसाठी जे करत होत्या, ते १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्यानं सगळ्यांवर बंधनकारक केलं: प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक. गाठ फोडायच्या आधी मी ती खूण वाचायचो. दोन गाठींची एक खंडी, सातशे चौऱ्याऐंशी पौंड. त्यातल्या एका गाठीत भिजका थर निघाला, तर क्रमांकावरून प्रेसचं रजिस्टर उघडून तो माल कुणी आणला होता ते नाव मागता यायचं.