पुण्याहून गेलेले एक पत्र आणि चारकोपचा गाळा

कामाच्या ठिकाणी स्त्रीचा छळ झाला, तर मालकाचे नेमके कर्तव्य काय? १९९७ पर्यंत भारतीय कायद्यात याचे थेट उत्तर नव्हते. विनयभंगाचे कलम होते. पण ते गुन्हेगारापुरते. मालक नामानिराळा.

राजस्थानातील साथीण भंवरी देवी सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाह रोखू पाहत होत्या. १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'विशाखा' याचिकेचा निकाल १३ ऑगस्ट १९९७ रोजी लागला. त्या खंडपीठात न्या. सुजाता मनोहर होत्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश. छळ रोखणे आणि तक्रार समिती नेमणे ही जबाबदारी न्यायालयाने मालकावर टाकली.

आदेश निघाला, समित्या मात्र कागदावरच राहिल्या. तेव्हा पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी छळाची अनेक प्रकरणे मांडणारे पत्र सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले.

या खटल्यातला खरा कळीचा आदेश २६ एप्रिल २००४ चा. समितीने दोष सिद्ध मानला तरी खात्याने शिस्तभंगाची चौकशी नव्याने मांडायची आणि तक्रारदार स्त्रीने तेच सारे पुन्हा सांगायचे, ही वाट त्याने बंद केली: समितीचा अहवाल हाच चौकशीचा अहवाल. २००६ मध्ये कारखाने व दुकानांतील समित्यांवर देखरेखीचे काम राज्यांच्या कामगार आयुक्तांकडे आले. अंतिम निकाल लागला १९ ऑक्टोबर २०१२ रोजी. एका पत्राला इतकी वर्षे!

९ डिसेंबर २०१३ पासून कायदाच लागू झाला. दहा वा अधिक कर्मचारी असतील तेथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची. तिने चौकशी ९० दिवसांत संपवायची. शिफारशींवर मालकाने ६० दिवसांत कृती करायची. समिती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड. पुन्हा तोच दोष घडल्यास दुप्पट, शिवाय परवानाही जाऊ शकतो.

आता चारकोपच्या औद्योगिक वसाहतीकडे वळावे. एखाद्या गाळ्यात सात-आठ जणीच काम करीत असतील, तर अंतर्गत समितीची सक्ती नाही. आरोप खुद्द मालकावर असेल तरीही वाट तीच: जिल्ह्याची स्थानिक समिती. उपनगर जिल्ह्याचे मुख्यालय वांद्र्याला. म्हणजे त्या बाईने दिवसाचा रोज बुडवून लोकल पकडायची. आणि अशी समिती असते, हे तिला आधी कोणी तरी सांगितलेले असायला हवे. कायद्याने गाळ्यात फलक लावण्याचे काम मालकावरच सोपवले आहे.