जिप्सी: मोडेल पण अडणार नाही

पंधरा वर्षं बिनबोभाट चालणाऱ्या कोडला हात लावायला कुणी धजत नाही, हे आपल्या आयटीवाल्यांना सांगायला नको. मारुती जिप्सी म्हणजे आपल्या रस्त्यांवरचा असाच लेगसी कोड. डिसेंबर १९८५ मध्ये आली, २०१९ मध्ये बंद झाली. मधल्या ३३ वर्षांत बदल झाले, पण अगदी मोजके.

हिचं मूळ जपानमध्ये. होप मोटर नावाच्या चिमुकल्या कंपनीच्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीचे हक्क सुझुकीने घेतले आणि १९७० मध्ये पहिली जिम्नी काढली. इंजिन फक्त ३५९ सीसी, कारण तिथल्या छोट्या गाड्यांना तेव्हा ३६० सीसीची मर्यादा होती. लांबीलाही ३ मीटरची मर्यादा होती. गंमत म्हणजे ती पाळायला स्टेपनी मागे न टांगता आत ठेवली, त्यामुळे माणसं मावायची तीनच!

आपल्याकडे आली ती जिम्नीची पुढची पिढी, ९७० सीसीची. १९९६ मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग आली, २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं. खालचा सांगाडा मात्र तोच राहिला. शिडीसारखी चासी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि चारही चाकांना पाटे.

आता ही टिकते का? मला वाटतं, मोडत नाही म्हणून नव्हे, तर मोडली तरी दुरुस्त होते म्हणून. पाटा तुटला तर तालुक्याचा मेकॅनिकही बदलून देतो. किंगचं इंजिन एस्टीमच्या इंजिनाचंच भाईबंद, त्यामुळे ते उघडलेले हात गावोगाव होते. बॉडी चासीवर बोल्टने बसवलेली, म्हणजे पत्रा सडला तरी चासी शाबूत असेल तर गाडी पुन्हा उभी राहते. लष्कराला आणि ताडोबाच्या सफारीवाल्यांना हेच तर हवं होतं.

पण नाण्याची दुसरी बाजूही बघू. मागच्या आडव्या बाकांवर बसून घाट चढलेल्याला पाट्यांची किंमत विचारा! शिवाय एअरबॅग नाही, एबीएस नाही. २०१९ मध्ये एबीएस आणि क्रॅश टेस्टचे नियम आले, पाठोपाठ २०२० मध्ये बीएस-६ येणार होतं. इतकं सगळं जुन्या सांगाड्यावर चढवणं परवडणारं नव्हतं. ज्या न बदलण्याने तिला जगवलं, त्यानेच शेवटी घालवलं.

म्हणून जुनी जिप्सी सांभाळणाऱ्यांनी हिशोब नीट मांडावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. पण खरा प्रश्न पैशांचा नाहीच. टिकाऊ आणि सुरक्षित हे दोन वेगळे शब्द आहेत. शेतावर, जंगलात, कच्च्या वाटेवर जिप्सी अजूनही राणी आहे. एक्सप्रेसवेवर पोराबाळांना घेऊन १०० च्या वेगाने जायची ती गाडी नव्हे.

२०२३ मध्ये आपल्याकडे पाच दारांची जिम्नी आली. शिडीची चासी आणि अखंड अ‍ॅक्सल तसेच ठेवले, पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आले आणि सहा एअरबॅग मिळाल्या. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे कळायला वेळ लागला, पण कळलं. आपल्या लेगसी कोडचंही कधीतरी असंच व्हावं, दुसरं काय!