असोद्याची गाणी आणि दप्तराचा नियम

१/७
जळगावजवळचे असोदा. येथे १८८० मध्ये बहिणाबाई चौधरी यांचा जन्म झाला. त्यांना अक्षरओळख नव्हती; तरीही त्यांची गाणी आज आपल्या हाती आहेत. ती टिकली कशी? उत्तरासाठी प्रथम जुन्या दप्तरात डोकावू.

२/७
मराठी हिशेबपद्धतीत दोन वह्या महत्त्वाच्या: रोजकीर्द आणि खतावणी. व्यवहार घडला की त्याची नोंद तिथीच्या क्रमाने रोजकीर्दीत होई. पुढे त्याच नोंदी खात्यांनुसार खतावणीत चढत.

३/७
खतावणी नष्ट झाली, तर रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येई. रोजकीर्द गेली, तर खतावणीत न चढलेले सारे व्यवहार कायमचे बुडत. आजचे डेटाबेसही हेच तत्त्व पाळतात: बदल आधी लॉगमध्ये, मग कोष्टकात.

४/७
परंतु दोन्ही वह्या एकाच वाड्यात असतील, तर एक आग पुरेशी. म्हणून नक्कल अन्यत्र हवी. इतिहासाचार्य राजवाडे यांनी घरोघरची दप्तरे धुंडाळून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड सिद्ध केले. मूळ कागद कसरीने खाल्ला, तरी छापील मजकूर उरला. त्यांच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये खानदेशातच, धुळ्यात, संशोधन मंडळ स्थापन झाले.

५/७
आता बहिणाबाईंकडे वळू. जात्यावर, शेतात गाणे सुचे. त्यांची स्मृती हीच त्यांची रोजकीर्द. पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी काही गाणी वहीत उतरून घेतली. जी उतरली नाहीत, ती वाऱ्यावर गेली.

६/७
३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. मूळ प्रत संपली. उरली केवळ वही. तीही हरवली असती, तर? सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. एका वहीच्या असंख्य प्रती झाल्या. आज उत्तर महाराष्ट्रातील विद्यापीठही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

७/७
इतिहास केवळ घडून उरत नाही. तो वेळेवर लिहावा लागतो आणि एकाहून अधिक ठिकाणी जपावा लागतो. आपल्या आजीच्या ओठांवर एखादी ओवी असेल, तर ती आजच उतरून घ्या, आणि तिची एक नक्कल दुसऱ्या घरी ठेवा.